जालना ते घोगरगाव : मराठवाड्यातील मिशनच्या वाटेवर

गुरुवार, जालना

परभणीहून तपोवन एक्सप्रेसने निघून दुपारी जालन्याला उतरलो. मनमाड ते सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला; ज्यांच्या कार्याचा माग काढण्यासाठी हा प्रवास योजला होता, ते रेव्हरंड नारायण शेषाद्री रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी या गावात येऊन राहिले होते. मराठवाड्यातील सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांना हे नाव माहीत असेल. ख्रिस्ती मिशनांचा इतिहास म्हटला की मुंबई, पुणे, अहमदनगर आणि फार तर नाशिक एवढ्यावर आपली चर्चा थांबते, आणि मराठवाडा तर इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हताच, मग इथे मिशनरी आले कुठून, असे विद्यार्थी मला नेहमी विचारतात.

याचे उत्तर जालन्याच्या रचनेतच सापडते. कुंडलिका नदीच्या एका अंगाला कदीम जालना, दुसऱ्या अंगाला ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या व्यापारामुळे पडली ती पेठ, आणि वस्तीपासून अलग काढलेली जुनी छावणी असा या गावाचा पसारा आहे. सप्टेंबर १८०३ मध्ये याच जिल्ह्यातील असईच्या मैदानावर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली, हैदराबाद कंटिन्जंट ही फौज उभी राहिली आणि तिच्या छावण्या जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई अशा ठिकाणी पडल्या. राज्य निजामाचे, तिजोरी निजामाची, परंतु छावणीच्या हद्दीत शब्द चाले तो इंग्रज अधिकाऱ्याचा. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी तिथे चर्च आले, दफनभूमी आली, दवाखाना आला, टपाल आले, आणि मिशनचे पहिले पाऊल याच आडोशाने पडले. साम्राज्य आणि मिशन यांचा काही संबंध नव्हता असे सांगणाऱ्यांनी एकदा जालन्याच्या छावणीतून फेरी मारावी.

मात्र हा संबंध वाटतो तितका सरळही नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते, कारण लोकांच्या धर्मात हात घातला की व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात येतील, ही तिची धास्ती होती. म्हणूनच विल्यम कॅरी यांना कलकत्त्याजवळच्या डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरात आसरा घ्यावा लागला, आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने तयार झालेले त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये महाराष्ट्राबाहेर, थेट बंगालमध्ये छापले गेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचाच सरकारचा विचार होता. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि मग स्कॉटिश, इंग्लिश, अमेरिकन अशा निरनिराळ्या मंडळ्या एकामागून एक येऊ लागल्या.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर टिपणे पुन्हा वाचत बसलो. नारायण शेषाद्री यांचा जन्म ब्राह्मण कुटुंबातला. मुंबईत स्कॉटिश मिशनने चालवलेल्या शाळेत ते शिकले. तिथे जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट यांसारखे विद्वान शिक्षक होते, आणि १८३९ मध्ये त्याच परिवारातील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतल्यामुळे मुंबईचा पारशी समाज आधीच खवळलेला होता. १८४३ मध्ये नेस्बिट यांच्या हस्ते नारायणांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. तो अजाण असल्याने वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. खरी कसोटी त्यानंतर लागली. मिशनऱ्यांच्या घरी राहून त्यांच्या पंक्तीला जेवलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, असा प्रयत्न बाळशास्त्री जांभेकर यांनी केला, आणि सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. धर्मांतराविषयी आज एवढे बोलले जाते, पण परत येऊ पाहणाऱ्यासाठी दार कोणी बंद केले होते, हा प्रश्न १८४३ मध्येच मराठी समाजापुढे उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर आपल्याला भूषणावह नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते.

शुक्रवार, बेथेल

सकाळी रिक्षाने बेथेलकडे निघालो. जालना शहर आता लोखंडाच्या कारखान्यांसाठी आणि बियाणे कंपन्यांसाठी ओळखले जाते. ते कारखाने मागे पडले की कपाशी आणि मोसंबीच्या बागा सुरू होतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरात नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचे एक स्वतंत्र गाव वसवले आणि त्याला बायबलमधले बेथेल हे नाव दिले. त्यासाठी लागणारी जमीन निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून मिळाली. या एका गोष्टीशी मी बराच वेळ थांबतो आहे, कारण मराठवाड्याच्या इतिहासात तिला तोड नाही: मुसलमान राज्यकर्त्याच्या दिवाणाने, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाला, मुख्यतः मांग समाजातल्या माणसांचे गाव वसवण्यासाठी जमीन द्यावी! वसाहतवाद आणि मिशन यांची जी ठरावीक चौकट आपण शिकवतो, तिच्यात ही घटना बसतच नाही. इंग्रजी मुलखात धर्मांतरितांचा वारसाहक्क राखणारा कायदा १८५० मध्ये झाला होता, परंतु निजामाच्या राज्यात तो लागू नव्हता. तिथे सगळी भिस्त दरबाराच्या मर्जीवर होती, आणि ती मर्जी मिळवणारा माणूस गोरा साहेब नव्हता, मराठी बोलणारा, पागोटे घालणारा, आपले मूळ नाव न बदलणारा देशी पाळक होता. बाबा पदमनजी आणि पुढे नारायण वामन टिळक या ख्रिस्ती झालेल्या लेखकांनीही आपली नावे तशीच ठेवली, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मांग समाजाला जमीन मिळणे म्हणजे काय, हे आज शहरात राहणाऱ्याच्या ध्यानात सहज येणार नाही. गावगाड्यात मांगाचे काम ठरलेले असे: दोरखंड वळायचे, केरसुण्या बांधायच्या, लग्नात, जत्रेत आणि मयतीला हलगी वाजवायची. त्याबदल्यात खळ्यावर बलुते मिळे, तेही देणाऱ्याच्या मनावर. विहीर वेगळी, किंवा विहीरच नाही. अशा माणसाने बाप्तिस्मा घेतला आणि देवळापुढे हलगी वाजवायला नकार दिला की दुसऱ्या दिवसापासून बलुते बंद होई, आणि बलुते बंद होणे म्हणजे चूल बंद होणे. स्वतःचे गाव, स्वतःचे शेत, स्वतःची विहीर आणि मुलांना शाळा ही त्याच्यासाठी चैन नव्हती; नव्या श्रद्धेवर टिकून राहायचे तर तेवढे लागतच होते.

दुष्काळात भाकरीसाठी धर्म बदलला, असा टोमणा या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ या काळात मिशनच्या वस्त्यांवर येणाऱ्यांची संख्या वाढली, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण ज्या व्यवस्थेने सुकाळातही पोटभर भाकरी दिली नाही, तिला सोडून जाणाऱ्याच्या हेतूची शुद्धता तपासण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? पोट आणि श्रद्धा यांचे दोन वेगळे कप्पे असतात हे पोटभर जेवलेल्यांचे मत आहे. उपाशी मुलाला जवळ घेणाऱ्याच्या देवावर विश्वास बसला, तर तो विश्वास खोटा कसा ठरतो, हे मला कधी समजलेले नाही. मिशनऱ्यांपैकी काही जणांनीही आपल्या अहवालांत या नवख्या भक्तांविषयी संशयाने लिहिले आहे, आणि तोही मला तितकाच अन्यायाचा वाटतो.

वेगळे गाव वसवणे शहाणपणाचे होते का, यावर मिशनरी मंडळींतच दुमत होते. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लिश मंडळाने शरणपूर वसवले होते. तिथे गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुलेही शिकली, आणि १८७४ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह घेऊन इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनचा भर मात्र गावोगावच्या महारवाड्यांतच शाळा आणि लहान मंडळ्या उभ्या करण्यावर होता. माणसाला त्याच्या गावातून उपटले की बाकीच्या गावावर त्याचा काही प्रभाव उरत नाही, हा त्यामागचा विचार. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. बेथेलमध्ये माणसे निर्भय झाली आणि त्याचबरोबर आसपासच्या गावांपासून थोडी तुटलीही. तरीही निवड करायची झाली तर मी बेथेलच्या बाजूने उभा राहीन, कारण महारवाड्यात किंवा मांगवाड्यात राहून गावाला नकार देण्याचे धाडस फार थोड्यांना पेलणारे होते.

दुपारी या परिसरातल्या एका वृद्ध बाईंकडे गेलो. त्यांच्या नातवाने आधीच कळवले होते. ओसरीवर चटई अंथरलेली होती. आजींनी पदराने हात पुसले आणि ट्रंकेतून कापडात गुंडाळलेले मराठी बायबल बाहेर काढले. पुठ्ठा केव्हाच निखळला होता, शिवण पोत्याच्या सुतळीने घातलेली होती. पहिल्या कोऱ्या पानावर घराण्यातील जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदी होत्या: वरच्या ओळी बोरूच्या जाड अक्षरात, शाई तांबूस झालेली, मधल्या टाकाच्या, शेवटच्या निळ्या बॉलपेनाच्या. १९७२ समोर एका मुलीच्या जन्माची नोंद होती आणि तिच्या खाली, कंसात, ‘यंदा खडीवर काम’ एवढेच लिहिलेले. त्या वर्षी सारा मराठवाडा खडी फोडत होता आणि सुखडी खाऊन जगत होता. मी विचारले, ‘आजी, ही सगळ्यात वरची ओळ कुणाची?’ त्या म्हणाल्या, ‘माझ्या आजेसासऱ्याच्या बापाची. त्यांना लिवता येत होतं बगा. त्या येळंला आमच्यात कुनाला येत होतं?’ या वाक्यातला अभिमान धर्माचा होता की अक्षराचा, हे वेगळे काढणे शक्य नाही, आणि काढूही नये.

नारायण शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्स या प्रोटेस्टंट संघटनेच्या परिषदेत बोलले. विवेकानंद शिकागोला जाण्याच्या वीस वर्षे आधी मराठवाड्यातल्या एका गावाची हकिकत पागोटे घातलेला एक मराठी माणूस अमेरिकेतल्या श्रोत्यांना सांगत होता, हे आपल्या शालेय पुस्तकांत कुठेही नाही. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

परतताना जालन्याच्या मिशन हॉस्पिटलवरून गेलो. स्कॉटिश मिशनच्या परंपरेतले हे रुग्णालय. बाहेर रुग्णांच्या नातेवाइकांची गर्दी होती आणि त्यांत बुरखा घेतलेल्या स्त्रिया, फेटेवाले शेतकरी, सगळेच होते. मिशनच्या कामापैकी मराठवाड्याने निर्वेधपणे स्वीकारलेला भाग हाच, असे म्हणायला हरकत नाही. पडदानशीन स्त्रियांना पुरुष डॉक्टरांकडे नेण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे मिशनच्या स्त्री डॉक्टर आणि परिचारिका यांनी घरांचे जे दरवाजे उघडले, ते प्रवचनांनी कधी उघडले नसते.

शनिवार, छत्रपती संभाजीनगर

सकाळच्या बसने संभाजीनगर गाठले आणि थेट छावणीत गेलो. औरंगाबादच्या या छावणीत जून १८५७ मध्ये कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केले. ते मोडून काढल्यानंतर शिपायांना ज्या काळ्या चबुतऱ्यावर देहदंड दिला गेला, त्या जागेला आज क्रांती चौक म्हणतात. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन देण्यात आले, आणि तरीही बंडानंतरच्या काही दशकांतच मिशनचे काम सगळीकडे सर्वाधिक फोफावले. सरकारने अंग काढून घेतले आणि मंडळ्यांनी आपल्या वर्गणीवर काम वाढवले, असा हा क्रम आहे.

इथे चर्च मिशनरी सोसायटीचे काम ज्यांनी दीर्घकाळ वाहिले, ते रेव्हरंड रतनजी नवरोजी जन्माने पारशी. जालन्यात ब्राह्मण कुळातले शेषाद्री, औरंगाबादेत पारशी कुळातले नवरोजी. दोघेही आपापल्या समाजाने दूर लोटलेले, आणि दोघांनीही आपले आयुष्य महार-मांगांच्या वस्त्यांत काढलेले. मराठवाड्यातील प्रोटेस्टंट मिशनचा पाया या देशी माणसांनी घातला, हे म्हणणे मी या प्रवासात ज्यांना ज्यांना भेटलो त्या प्रत्येकाला आवर्जून सांगितले, कारण ख्रिस्ती कुटुंबांतही ‘आमचे मिशन गोऱ्यांनी काढले’ असेच ऐकू येते. मिशनचे अहवाल लंडन आणि एडिंबरोच्या देणगीदारांसाठी लिहिले जात. त्यांत साहेबाचे नाव मोठ्या अक्षरात आणि देशी प्रचारकाचे, घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाईचे नाव बहुधा गाळलेले असे. इतिहास त्याच कागदांवरून लिहिला गेला, म्हणून तो तसा दिसतो.

छावणीतील चर्चच्या आवारात एका निवृत्त पाळकसाहेबांशी गाठ पडली. १९७० मध्ये अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा अनेक मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा जालन्याची स्कॉटिश परंपरा आणि इथली इंग्लिश परंपरा एका छत्राखाली आली, हे त्यांनी आपुलकीने सांगितले. मी त्यांना मिशनच्या उणिवांविषयी विचारले, आणि त्यांनी उत्तर टाळले नाही. एकोणिसाव्या शतकातील प्रचारपत्रकांत हिंदू आणि मुसलमान श्रद्धांविषयी जी हेटाळणीची भाषा वापरली गेली, तिने माणसे दुखावली, जवळ आली नाहीत. देशी पाळकाला साहेबापेक्षा कितीतरी कमी पगार आणि निर्णयात कमी वाटा मिळे. आणि सर्वांत मोठी उणीव जातीची: ‘एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलं, पण सोयरीक करताना पुन्हा जात विचारली, आणि हे पाप आम्ही कुणाच्या माथी मारणार?’ असे ते म्हणाले. महारांतून आलेले आणि मांगांतून आलेले ख्रिस्ती यांच्यातली भिंत मराठवाड्यातील मंडळ्यांत पुरती पडली नाही, याचे त्यांना मनापासून दुःख होते.

परदेशी पैशावर उभ्या राहिलेल्या धर्मसंस्थेची अडचण नारायण वामन टिळकांनी फार आधी ओळखली होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ओवी आणि अभंग यांत ख्रिस्तभक्ती आणली, आणि १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा आपला स्वतंत्र मार्ग काढला. दोनच वर्षांनी ते वारले आणि तो प्रयोग खुंटला. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले, तेही याच प्रकारचे काम. ही मंडळी मराठवाड्याची नव्हेत, परंतु गोदावरीच्या अलीकडच्या मंडळ्यांत त्यांचीच गाणी गायली जातात.

भाषेचा मुद्दा मात्र खास आपल्याकडचा आहे. निजामाच्या राज्यात दरबार आणि कचेरी यांची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे निघाले. मराठी शाळा मोजक्या, आणि त्यांत अस्पृश्य मानलेल्या मुलांना प्रवेश त्याहून मोजका. अशा वेळी मिशनची लहानशी शाळा, एक शिक्षक, एक फळा आणि देवनागरीत छापलेली पुस्तके एवढ्या भांडवलावर मराठी वाचता येणारी पहिली पिढी वस्तीत तयार होत होती. पुण्यात जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाने छापला. मिशनच्या छापखान्याने जी वाट खुली केली, तिच्यावरून चालणारे सगळेच ख्रिस्ती झाले नाहीत, उलट बहुतेक झाले नाहीत, आणि हेच त्या कामाचे मोठेपण आहे असे मी मानतो. दुपारी मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून चालत गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा हा पाया घातला. ज्या वस्त्यांतून मिशनला माणसे मिळाली, त्याच वस्त्यांतील पुढच्या पिढ्यांना इथे स्वतःचे नेतृत्व आणि स्वतःचा धर्म मिळाला. मिशनचा विस्तार नंतर का थांबला, याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

याच निजामी राज्याच्या तेलुगू भागात चित्र वेगळे होते. मेदकला वेस्लियन मिशनने दुष्काळातल्या मजुरांच्या हातांनी बांधलेले भव्य कॅथेड्रल १९२४ च्या नाताळात खुले झाले, आणि तिथे गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. मराठवाड्यात तसे काही घडले नाही.

रविवार, वैजापूर आणि घोगरगाव

पहाटेच निघालो. वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांचा हा पट्टा कॅथलिक मिशनचा. फ्रान्समधील आन्सी इथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू आधी विशाखापट्टणमला आले, मग नागपूरला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथून या खेड्यांत पोहोचले. म्हणजे इथले गोरे पाद्री इंग्रज नव्हते, फ्रेंच होते. इंग्रज सरकार प्रोटेस्टंट, राज्य मुसलमान, आणि हे कॅथलिक, त्यामुळे त्यांना सत्तेचा आधार सर्वांत कमी होता. घोगरगावला फादर गुरियन जाकिये यांचे नाव आजही लोक आदराने घेतात. १९७७ मध्ये औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश, झाला.

मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, सुरू होण्याआधीच चर्च भरले होते. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, सगळे जमिनीवर बसलेले. पेटी, ढोलकी आणि टाळ यांच्या साथीवर भजन उभे राहिले, आणि चाल अशी होती की डोळे मिटले असते तर पैठणच्या वाटेवरची दिंडी वाटली असती. उपासना संपल्यावर बाहेर चहा झाला. शेतीच्या गोष्टी निघाल्या, कपाशीच्या भावाची चिंता निघाली, आणि मग पंचविशीतला एक तरुण शिक्षक माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने जे सांगितले, ते या सगळ्या इतिहासाचे आजचे टोक आहे.

त्याचे पणजोबा तीन भाऊ. एकाने बाप्तिस्मा घेतला, बाकीचे दोघे गावात महार म्हणूनच राहिले. त्यांपैकी एकाच्या वंशजांनी १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला, दुसऱ्याचे वंशज हिंदूच राहिले. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश मुळात फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. त्यामुळे तिघा भावांच्या वंशातील दोन घरांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, आणि या तरुणाच्या घराला महाराष्ट्रात इतर मागासवर्गात गणले जाते. ‘सर, वस्ती तीच आहे, आडनाव तेच आहे, आणि शिवी द्यायची वेळ आली की देणारा मला माझा धर्म विचारत नाही,’ तो म्हणाला. ॲट्रॉसिटीचा कायदाही त्याच्या मदतीला येत नाही, कारण तोही अनुसूचित जातीच्या याच व्याख्येवर उभा आहे.

ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून ख्रिस्त्यांना जातीच्या सवलती नकोत, हा युक्तिवाद पुस्तकात शोभून दिसतो. काल छावणीत पाळकसाहेबांनी सांगितलेली हकिकत आणि आज या मुलाने सांगितलेली हकिकत यांच्यापुढे तो टिकत नाही. धर्म सोडल्याने जात सुटली नाही, आणि कायद्याने मात्र ती सुटली असे धरले. हा प्रश्न अनेक वर्षांपासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या तरुणाने आपल्या घराण्याची वंशावळ, पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद आणि तिन्ही घरांचे शाळा सोडल्याचे जुने दाखले एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. त्यांपैकी एका दाखल्यावर, धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ आणि जातीच्या रकान्यात ‘महार’, अशी दोन्ही नोंद एकाच मुख्याध्यापकाच्या हाताने, एकाच शाईत केलेली आहे.